एकोणतीस

रोडेलने ती माझ्या हातात दिली नाही.
इंजिनरूमच्या बाकावर, तेलकट चिंधीवर ठेवली
आणि म्हणाला, आधी नाणं टाक.
फुकट घेतलेली सुरी मैत्री कापते.
खिशात दहाचं होतं, ते टाकलं.
मग त्याने मनगट हलवलं,
दोन मुठी एकमेकींपासून सुटल्या
जिवंत कोळंबीनं शेपूट झटकावी तशा,
मधून पातं आलं, खट्,
आत गेलं, खट्.

बालीसाँग. बातांगासची.
त्याच्या गावचा म्हातारा, मांग इस्को,
ट्रकच्या जुन्या पाट्यातून पातं काढतो,
रेड्याचं शिंग तासून पितळेत बसवतो,
सगळं कानशीने, दाराशी बसून.
महिन्याला तीन व्हायच्या.
हात थरथरायला लागल्यापासून दोन.
उघडली की या टोकापासून त्या टोकापर्यंत
एकोणतीस सेंटिमीटर,
म्हणून तिकडे तिचं नावही एकोणतीसच.

नंतर दर करारात एकेक आणली.
दिवाळ्याच्या घरी, गोदरेजच्या कपाटात,
लग्नातल्या सफारीखाली सात झाल्या.
सुट्टीवर आलो की काढायचो,
सांध्यात एकेक थेंब तेल, पुसून परत आत.

आई बघायची.
ह्यांनी कापतोस काय?
काही नाही.
काहीच नाही?
कापलं की किंमत जाते, आई.
टोपली खाली ठेवून ती बराच वेळ हसली.
मग माझ्या कोयत्याची तर
तुझ्या जन्माआधीच गेली म्हणायची.

धाकट्याच्या होडीचं इंजिन बसलं तेव्हा
खारघरच्या डॉक्टर सबनीसांना फोन केला.
ते दातांचे डॉक्टर आणि असल्या वस्तूंचे वेडे.
रविवारी आले, पांढरे सुती हातमोजे, डोळ्याला भिंग.
मला वाटलं आता पात्याला म्हणतील, आ करा.
सहा सुऱ्या मान डोलावत पाहिल्या.
सातवी, रोडेलची, उघडली आणि थांबले.
चिमट्याने सांध्यातून काहीतरी काढलं,
खिडकीच्या उजेडात धरलं.

खवलं.
नखाएवढं, चंदेरी.

मी आईकडे पाहिलं.
ती चिंच कोळत होती, मान वर न करता.
कोयता धारेला दिला होता, म्हणाली.
जिताडा दारात आला, पाच किलोचा.
त्याला काय सांगू, उद्या ये?
चांगली आहे रे, कल्ल्याखालून लोण्यासारखी गेली.
मिटताना तेवढी बोट मागते.

आठवडाभर तिच्या तर्जनीला चिंधी होती.
मी विचारलंच नव्हतं.

वापरलेली आहे, डॉक्टर म्हणाले,
किडलेल्या दाढेबद्दल सांगावं तसं,
आणि तीस हजारांवरून आठावर आले.
मी म्हटलं, ही राहू दे.
बाकीच्या सहा त्यांनी मऊ कापडात गुंडाळून नेल्या.
इंजिनाचे पैसे जवळजवळ सुटले.
कपाटात सफारी आता एकटीच.

रात्री खवल्याचा फोटो रोडेलला पाठवला.
तो दर्बानच्या बाहेर नांगरावर होता, उत्तर तीन दिवसांनी आलं:
म्हाताऱ्याला दाखवतो. त्याला वाटतं
त्याच्या सुऱ्या परदेशात जाऊन उपाशी मरतात.

आता पहाटे साडेचारला
आई दारात उभी राहून हात पुढे करते.
मी हातात देत नाही.
आपल्याकडेही सुरी हातोहात दिली की भांडण होतं,
हे तिनेच शिकवलेलं.
भुईवर ठेवतो. ती वाकून उचलते.
उघडायला तिला अजून दोन्ही हात लागतात.
आणि नाणं? मी विचारतो.
थांब की मेल्या, ती म्हणते,
आधी भवानी होऊ दे.